वेव्हसाठी फूटस्ट्रॅप घ्यावेत का? मॉरिशसला वापरून झाल्यावरचा रिव्ह्यू

सुरुवातीलाच निकाल सांगतो म्हणजे ज्यांना घाई आहे ते मोकळे. काईटच्या, म्हणजे मोठ्या पतंगाच्या ओढीवर चालवायच्या, सर्फबोर्डवर बसवायचे फूटस्ट्रॅप, म्हणजे पाय अडकवायचे ते दोन जाडजूड पट्टे, मी ह्या सीझनला मॉरिशसला नेले आणि ले मॉर्नला लगूनपासून, म्हणजे किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यापासून, पार रीफच्या, म्हणजे पोवळ्याच्या खडकांच्या, बाहेरपर्यंत वापरले. वस्तू म्हणून पाचपैकी साडेतीन देईन. आणि तो जो कायमचा वाद आहे ना, की लाटेवर स्ट्रॅप लावणारा खरा सर्फर नाहीच वगैरे, त्यात माझं मत असं झालंय की दोन्ही बाजू लाटेवरूनच भांडतायत आणि स्ट्रॅपचा लाटेशी संबंध सगळ्यात कमी आहे. स्ट्रॅप कामाला येतात ते लाटेपर्यंत जाताना, फेसातून परत बाहेर निघताना आणि हवेत असताना. प्रत्यक्ष लाट चालू असताना ते बहुतेक वेळा मधेमधेच करतात.

ज्यांना ह्यातलं काही माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात, बाकीच्यांनी पुढे सरका. गोव्यात मोरजी-आश्वेला दुपारनंतर जे पतंगवाले दिसतात ते बरेचसे ट्विनटिपवर असतात, म्हणजे दोन्ही टोकं सारखी असलेली फळी आणि त्यावर पाय पक्के बसवलेले. आपल्याकडची बरीच मंडळी रामेश्वरमला सपाट पाण्यात शिकतात तीही ह्यावरच. लाटेसाठीचा बोर्ड वेगळा, साधारण सर्फबोर्डसारखाच, एका बाजूला नाक, एका बाजूला शेपूट, खाली फिन्स, म्हणजे माशासारखे पर. ह्यावर पाय नुसते ठेवायचे, वॅक्स किंवा रबरी पॅडवर, ह्याला स्ट्रॅपलेस म्हणतात, नाहीतर पट्ट्यात घालायचे. नुसते ठेवलेले पाय निसटत कसे नाहीत असं सगळेच विचारतात. तर काईट तुम्हाला अंगाला बांधलेल्या पट्ट्यातून, हार्नेसमधून, ओढत असते आणि तुम्ही त्या ओढीविरुद्ध बोर्डच्या कडेवर दाब देऊन उभे असता, तो दाब आहे तोवर पाय चिकटल्यासारखे राहतात. दाब गेला की बोर्ड गेला.

आता वस्तूबद्दल. ब्रँडचं नाव लिहीत नाहीये कारण पुढे तक्रारी येणार आहेत आणि तसंही ह्या किमतीतले बरेच संच एकाच साच्यातून काढल्यासारखे असतात. युरोपातल्या ऑनलाइन दुकानातून मागवले, दोन पट्ट्यांचे ५०-६० युरोच्या पुढेच जातात, त्यावर कस्टम ड्युटी, आणि कुरियरवाल्याला "हे नक्की काय आहे" ते समजावून सांगण्याचा मनस्ताप फुकट. खोक्यात दोन पट्टे, चार एम६ बोल्ट आणि चार दातेरी प्लास्टिकच्या चकत्या. पट्ट्याच्या आत फोम, वर निओप्रीन, आणि वरचं कव्हर वेल्क्रोने उघडतं, ते उघडलं की आतला पट्टा लांब-आखूड करता येतो. बसवायला मोठा स्टार स्क्रूड्रायव्हर लागतो, तीन नंबरचा, घरातल्या छोट्या स्क्रूड्रायव्हरने प्रयत्न केलात तर बोल्टचं डोकं घासून जाईल आणि मग बसा.

सगळ्यात आधी हे बघा की तुमच्या बोर्डला इन्सर्ट आहेत का, म्हणजे आत बसवलेली आट्याची भोकं. माझा ५ फूट १० इंची बोर्ड आहे त्याला पुढे-मागे दोन्हीकडे आहेत. पण आता खूप बोर्ड फक्त स्ट्रॅपलेससाठी बनतात, वजन वाचावं म्हणून त्यात इन्सर्ट घालतच नाहीत, आणि तशा बोर्डला घरी ड्रिल मारून स्ट्रॅप लावायचे असं कोणी सुचवलं तर त्याला चहा पाजून घरी पाठवा. आत फोम असतो, भोकातून पाणी शिरलं की बोर्ड संपला, आणि नुसत्या फोममध्ये बोल्ट धरणार तरी कशाला.

माझ्याबरोबर होता तो मित्र मूळचा ठाण्याचा, आता पर्थला असतो. तिकडे उन्हाळ्यात दुपारी समुद्रावरून तो फ्रीमँटल डॉक्टर नावाचा वारा येतो, हा रोज ऑफिस सुटलं की पाण्यात, त्यामुळे हात-पाय भलतेच तयार आणि मतं त्याहून तयार. मी पट्टे बसवत होतो तर म्हणाला, "काढ रे ते, काय म्हाताऱ्यासारखं." मी म्हटलं, "तुझा बोर्ड रोज कोण पोहून आणतं?" तर गप्प. पुढचा सगळा मुक्काम आमचं हेच चालू. पण त्याच्यामुळे एक फायदा झाला, एकाच दिवशी एकाच पाण्यात एक जण स्ट्रॅपमध्ये आणि एक जण मोकळा, वरून अधूनमधून बोर्डांची अदलाबदल, त्यामुळे तुलना बऱ्यापैकी प्रामाणिक झाली.

ले मॉर्न कशासाठी, तर एका जागी सगळे प्रकार मिळतात. बेटाच्या नैऋत्य टोकाला तो डोंगर, ले मॉर्न ब्राबां, पळून गेलेल्या गुलामांनी आसरा घेतलेला, २००८ पासून युनेस्कोच्या यादीत आहे. त्याच्या पायथ्याशी लगून, बरंच कमरेएवढं पाणी. लगूनच्या कडेला लिटल रीफ, तिथे छोट्या लाटा. रीफमधल्या खिंडीच्या बाहेर मनावा, मोठी पण जरा दयाळू लाट. आणि वन आय, जी दयाळू अजिबात नाही. मे-जूनपासून ऑक्टोबरपर्यंत आग्नेयेकडून व्यापारी वारे येतात, बरेचदा १५ ते २५ नॉट, मी ७८ किलो, बहुतेक वेळ ९ मीटरची (म्हणजे चौरस मीटर) काईट, जोरात असेल तर ७. जाता जाता एक, गणेश चतुर्थीला मॉरिशसमध्ये सार्वजनिक सुट्टी असते आणि ती बरोबर वाऱ्याच्या सीझनमध्ये येते. कोकणातून उसाच्या मळ्यांवर मजुरीला गेलेल्यांचे वंशज आहेत तिकडे, समुद्रावर विसर्जन होतं, त्या सुमारास जाणार असाल तर एक दिवस काईट गुंडाळून ठेवा आणि बघून या.

लगूनपासून सुरू करतो. तिथे लाट नाही पण चॉप भरपूर, वाऱ्याने उठलेल्या आखूड उलटसुलट लाटा, वारा वीसच्या वर गेला की बोर्ड नुसता खडखडतो. स्ट्रॅपलेस असताना अशा पाण्यात गुडघे सतत स्प्रिंगसारखे ठेवावे लागतात आणि जरा लक्ष उडालं की बोर्ड पायाखालून खाली आणि तुम्ही वर. स्ट्रॅपमध्ये हा प्रश्नच नाही. पाय आत, वेग वाढवा, चॉप खाली राहतो. रीफपर्यंतचं अंतर मी मित्राच्या आधी कापायचो आणि पोटऱ्याही कमी भरून यायच्या. उडी मारायची तर विचारूच नका, ट्विनटिपसारखी मारा. स्ट्रॅपलेस उडीत बोर्डचा तळ वाऱ्याकडे धरून वाऱ्यानेच तो पायाला दाबून ठेवायचा असतो, किंवा हाताने कड पकडायची, ती कला आहे आणि ती यायला वेळ लागतो. ज्यांना लाटेइतकीच उडीची हौस आहे त्यांनी पुढचं वाचायचीही गरज नाही, घ्या स्ट्रॅप.

पण लगूनमध्येच दुसरी बाजूही कळली. वारा पडला, १३-१४ नॉट राहिला, की मोकळ्या पायांनी तुम्ही दोन पावलं पुढे सरकता, वजन नाकाकडे नेता, बोर्ड पाण्यावर सपाट होतो आणि चालत राहतो. स्ट्रॅपमध्ये तुम्ही जिथे आहात तिथेच आहात. पट्टे वळणासाठी मागे बसवलेले असतात कारण मागचा पाय फिन्सच्या वर लागतो, आणि तीच जागा हलक्या वाऱ्यात चुकीची. शेपूट बुडतं, नाक वर, वाऱ्याच्या दिशेने चढता येत नाही. त्या दुपारी मित्र आरामात वर चढत होता आणि मी किनाऱ्याने बोर्ड काखेत मारून चालत होतो.

लिटल रीफला खरी मजा, आणि स्ट्रॅपचा खरा तोटाही तिथेच दिसतो. इथल्या लाटा लेफ्ट आहेत, म्हणजे लाटेवर उभ्या असलेल्याच्या डाव्या हाताला फुटत जातात. माझा डावा पाय पुढे असतो. त्यामुळे बाहेर जाताना मी मजेत, टाचेवर झुकून, पण लाट घेऊन आत येताना लाट माझ्या पाठीमागे. लाटेकडे तोंड करून चालवायची तर पाय बदलायला लागतात, उजवा पुढे घ्यायचा. मोकळ्या बोर्डवर हे एका झटक्यात होतं, सवय झाली की खाली बघायलाही लागत नाही. स्ट्रॅपमध्ये आधी मागचा पाय काढा, मग पुढचा, मग जागा बदलून परत चाचपडत आत घाला, आणि हे सगळं नेमकं तेव्हा जेव्हा मागे लाट उभी राहतेय आणि तुम्ही काईट कुठे आहे ते बघायला हवं. पाय पट्ट्यात बसेपर्यंत लाटेचा चांगला भाग पुढे निघून जातो. मित्राचा उजवा पाय पुढे, त्याला आत येताना काहीच बदलायला लागत नाही, बाहेर जाताना तो उलटा, बोटांवर झुकून, जातो. म्हणून ले मॉर्नला स्ट्रॅपबद्दल कोणाचं मत ऐकाल तर आधी त्याचा कुठला पाय पुढे असतो ते विचारा, अर्धा वाद तिथेच मिटतो.

वळणाचं बघू. लाटेच्या पायथ्याशी जो मोठा वळसा घ्यायचा, बॉटम टर्न, त्यात वजन पुढच्या पायावरून सुरू होऊन हळूहळू मागच्या पायाकडे, फिन्सच्या वर जातं, आणि वर ओठाशी, म्हणजे लाटेच्या फुटत्या कडेशी, पोचलात की मागचा पाय आणखी मागे आणि जरा आतल्या कडेला सरकवून शेपूट फिरवायचं. हे सरकवणं म्हणजे दोन-तीन इंचांचा खेळ आहे. अंगठ्याला पॅडची मागची कड लागते तितकंच. स्ट्रॅपमध्ये ते दोन-तीन इंच मिळत नाहीत. वळण होतं, पण दर वेळी एकसारखंच होतं, लाट कुठल्याही आकाराची असो. छातीएवढ्या स्वच्छ लाटेवर मी दोन्ही प्रकारे गेलो आणि मला स्वतःला मोकळ्या पायांनी जे वाटतं ते स्ट्रॅपमध्ये नाही वाटलं. लाट तुम्हाला ढकलतेय, काईटच्या दोऱ्या सैल पडल्यात, ती नुसती वाऱ्याबरोबर तरंगत मागे सरकतेय, अशा वेळी पायात पट्टा म्हणजे देवळात बूट घालून फिरल्यासारखं.

मग मनावाला गेलो आणि परत मत हललं. तिथे लाट मोठी, डोक्याच्या वर, आणि प्रश्न लाट घ्यायचा नसतो, लाट घेऊन झाल्यावर परत बाहेर निघायचा असतो. समोरून फुटलेल्या लाटेचा पांढरा फेस येतो, छातीएवढा उंच, त्याच्यावरून जायचंय. स्ट्रॅपमध्ये असाल तर काईट जरा वर खेचा, टुणकन उडी, फेस खालून जातो, पलीकडे उतरा. मोकळे असाल तर वेग कमी-जास्त करून, बोर्डचं नाक नेमकं वेळेवर उचलून, वजन काढून, त्याच्यावरून चढावं लागतं, जरा चुकलं की फेस बोर्ड पायाखालून काढून घेतो आणि तो किनाऱ्याच्या दिशेने, तुम्ही पाण्यात, मागून पुढची लाट. मित्राचं हे व्हायचं. भारी चालवतो तरीही व्हायचं. मग काईटने अंग ओढत बोर्डपर्यंत जायचं, म्हणजे बॉडी ड्रॅग, तेवढ्यात मी दोन लाटा घेऊन यायचो आणि जाता जाता हात हलवायचो. (तो काय बोलायचा ते इथे लिहिण्यासारखं नाही.)

बोर्डला दोरी बांधून पायात का नाही अडकवत, असं प्रत्येक नवा माणूस विचारतो. काईट तुम्हाला ओढत असते आणि बोर्ड पाण्यात अडकलेला असतो, दोरी रबरासारखी ताणली जाते आणि सुटली की बोर्ड सरळ तुमच्या डोक्यावर. नका करू.

वन आयबद्दल जास्त लिहिण्याचा मला अधिकार नाही, तिथे मी कडेकडेने राहिलो. डोंगरात एक भोक आहे, ते डोळ्यासारखं दिसायला लागलं की तुम्ही लाटेच्या बरोबर जागेवर आहात, म्हणून वन आय. वेगवान, पोकळ, खाली उथळ धारदार पोवळं, आणि वारा बाजूने पण थोडा समुद्राकडे नेणारा, शेजारी खिंडीतला प्रवाह तोही बाहेर. तिथे बोर्ड सुटला तर तो तुमच्याकडे परत येईलच असं नाही, रीफवर आपटेल नाहीतर आफ्रिकेच्या दिशेने निघेल. आणि गंमत म्हणजे तिथे मी बघितलेले जवळजवळ सगळे चांगले लोक स्ट्रॅपलेस होते. कारण ते लाटेच्या भिंतीवर पाय सरकवत वेग कमी-जास्त करतात, फेसात सापडतच नाहीत. म्हणजे ज्याला स्ट्रॅपची सगळ्यात जास्त गरज वाटेल अशा जागेवर तो न लावणारेच टिकतात, आणि ज्याला तिथे स्ट्रॅपचा आधार हवासा वाटतो त्याने तिथे जाऊच नये. मी हाच विचार करून कडेला होतो.

पण मग "पट्टे म्हणजे नवशिक्यांचं काम" म्हणणाऱ्यांनी जरा इतिहास बघावा. फूटस्ट्रॅप आले विंडसर्फिंगमधून, १९७० च्या दशकात हवाईला कैलुआच्या पोरांनी फळीवर पट्टे ठोकले, लॅरी स्टॅन्ली, माइक होर्गन वगैरे, कशासाठी तर चॉपमध्ये आणि लाटेवरून उडताना फळी पायाशी राहावी म्हणून. मग १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला लेअर्ड हॅमिल्टन, डॅरिक डोअर्नर, बझी कर्बॉक्स ह्या मंडळींनी इंजिनच्या होडीमागे दोरी धरून मोठ्या लाटा पकडायला सुरुवात केली, पुढे हवाईतल्याच माउई बेटावरच्या पेआहीला, ज्याला जॉज म्हणतात, तेव्हा त्यांचेही बोर्ड आखूड, जड आणि पट्टेवाले. जगातल्या सगळ्यात मोठ्या लाटांवर स्ट्रॅप होते! त्यांना नवशिके म्हणा बघू. तिथेही कारण तेच, त्या वेगात लाटेच्या अंगावरचा चॉप माणसाला बोर्डवरून उडवतो.

उलट बाजूला पश्चिम आफ्रिकेजवळच्या केप व्हर्द देशाचं साल नावाचं बेट. पोंता प्रेता म्हणून लाट आहे तिथे. त्या बेटावरच्या मितु मोन्तेरोने मोकळ्या पायांनी अशा उड्या मारून दाखवल्या की लोकांना वाटलं बोर्डला गोंद लावलाय, २००८ मध्ये तो वेव्हचा वर्ल्ड चॅम्पियन झाला. त्याच्या मागोमाग त्याच बेटावर वाढलेला एअरटन कोझोलिनो, तो तर अनेकदा. आता जीकेएची (ग्लोबल काईटस्पोर्ट्स असोसिएशन) जी काईट-सर्फ वर्ल्ड टूर असते तिच्यात लाट आणि स्ट्रॅपलेस फ्रीस्टाइल, म्हणजे मोकळ्या पायांनी उड्या-कसरती, असे दोन्ही प्रकार चालतात, त्यामुळे पोरं व्हिडिओ बघतात ते स्ट्रॅपलेस, दुकानात मागतात ते स्ट्रॅपलेस, आणि कंपन्या बनवतात तेही. फॅशनचा भाग आहेच. पण नुसती फॅशन नाही, त्यात खरोखर पायाला जास्त काम मिळतं.

दुखापतीचं कोणी नीट बोलत नाही म्हणून जरा बोलतो. स्ट्रॅपलेसवाल्यांना बोर्ड लागतो, नडगीवर, बरगडीत, तोंडावर, फिनने कापतं. दिसायला भयंकर, पण बरंचसं टाक्यांवर भागतं. स्ट्रॅपवाल्यांची दुखापत दिसत नाही आणि जास्त वाईट असते. बोर्ड एकीकडे अडकला, शरीर दुसरीकडे गेलं आणि पाऊल मधे पट्ट्यात, तर गुडघा, घोटा, किंवा पावलाच्या मधल्या सांध्यांची वाट लागते. ह्या मधल्या दुखापतीला लिस्फ्रांक म्हणतात, नेपोलियनच्या काळातल्या फ्रेंच सर्जनचं नाव आहे ते, आणि पाय रिकिबीत अडकून घोड्यावरून पडणाऱ्या स्वारांशी ही दुखापत तेव्हापासून जोडलेली आहे. पट्टा म्हणजे रिकीबच झाली की. विंडसर्फरांना ती चांगलीच परिचयाची आहे. म्हणून स्ट्रॅप लावणार असाल तर सैल लावा. पायाची बोटं पलीकडून बाहेर दिसली पाहिजेत पण पाऊल घोट्यापर्यंत आत शिरता कामा नये. वाळूवर उभं राहून पाय नुसता मागे खेचून बघा, हाताची मदत न घेता सुटला पाहिजे.

आणि तो मधला मार्ग, फक्त पुढचा एकच पट्टा लावायचा, मागचा पाय मोकळा. बरेच जण सुचवतात, मलाही आधी पटला होता. करून बघितल्यावर सांगतो, माझ्या मते हा सगळ्यात वाईट पर्याय. मागचा पाय निसटतो आणि बोर्डचं सगळं वजन पुढच्या एकट्या घोट्याला पिळतं. लावायचे तर दोन्ही लावा नाहीतर दोन्ही काढा.

आता ह्या संचाच्या तक्रारी. पहिली वेल्क्रोची. ले मॉर्नची वाळू बारीक आणि पोवळ्याची, ती वेल्क्रोच्या बारीक हुकांत जाऊन बसते, आणि काही दिवसांत कव्हर लाटेच्या एका फटक्यात उघडायला लागलं. गोड्या पाण्याने धुवून जुन्या टूथब्रशने घासलं की परत धरतं, पण हे रोजचं काम होऊन बसतं. दुसरी, कव्हरची आतली शिवण. पावलाच्या वर बरोबर जिथे हाड आहे तिथे ती येते, ओली झाली की कडक, संध्याकाळी बघतो तर साल निघालेली. रीफसाठी बूट घालत असाल तर हा त्रास नाही, पण मग बुटासकट पाय मावायला पट्टा दोन खाचा सैल करायला लागतो, ते लक्षात ठेवा. नऊ नंबरच्या पायाला पुरेसा मोठा होतो, अकरावाल्यांनी बूट घालून आधी मापून बघा.

तिसरी आणि खरी तक्रार त्या दातेरी चकत्यांची. प्रत्येक टोकाला एकच बोल्ट असल्यामुळे पट्टा त्याच्याभोवती फिरू नये म्हणून ह्या चकत्या. फिरू न देणं हे त्यांचं एकमेव काम आणि तेच त्या करत नाहीत. दाते मऊ प्लास्टिकचे, मनावाला दोन-चार जोरात उतरण्या झाल्या की पुढचा पट्टा तिरका. बोल्ट आणखी आवळला तर पॅड दाबलं जातं आणि इन्सर्ट उपटायची भीती. विकणाऱ्याला फोटोंसकट मेल केली, उत्तर आलं की वापर जास्त झालेला दिसतो. वापरायलाच घेतले होते ना?

बोल्टबद्दल मात्र चांगलं बोलायला हवं. स्टेनलेसचे आहेत, मी बसवताना ग्रीस लावलं होतं, निघताना सगळे सरळ निघाले. ग्रीस न लावता खाऱ्या पाण्यात महिनोन्महिने ठेवलेले बोल्ट इन्सर्टमध्ये असे धरतात की शेवटी इन्सर्टच फिरायला लागतो, आणि मग बोर्ड दुरुस्तीला. विमानाने जाताना पट्टे काढूनच पॅक करा, बॅग चपटी होते, वजनाचं काही नाही पण बॅगेच्या जाडीवरून काउंटरवर वाद होतात. फोमची गादी चांगली आहे, अजून बसलेली नाही.

कोणी घ्यावेत? मोठ्या, विस्कळीत, वाऱ्याने मोडलेल्या पाण्यात जाणारे, उड्या मारणारे, आणि ट्विनटिपवरून नुकते सर्फबोर्डवर आलेले पण रीफच्या बाहेर जायची घाई असलेले. गुडघा आधीच दुखावलेला असेल तर नको. आणि फक्त गोव्यात चालवणार असाल, जिथे दुपारचा मवाळ वारा आणि गुडघ्या-कमरेएवढ्या लाटा, तर हे पैसे वाया आहेत, त्याऐवजी चांगलं पुढचं पॅड घ्या आणि मोकळ्या पायांनी पडत पडत शिका, खाली वाळूच आहे. बोर्ड नवीन घेत असाल तर इन्सर्टवाला बघा, थोडा जड असला तरी. भोकं असली की स्ट्रॅप कधीही लावता येतात.

माझा बोर्ड सध्या मोकळा आहे, पट्टे बॅगेच्या कप्प्यात. त्या चकत्यांच्या जागी मी घरातल्या जुन्या प्लास्टिकच्या चॉपिंग बोर्डचा तुकडा कापून, कानशीने दाते पाडून चार चकत्या केल्यात (बायकोला अजून पत्ता नाही). मूळच्यांपेक्षा कडक वाटतायत. पुढच्या सीझनला मनावाला टिकल्या तर इथेच माप टाकतो.